अपक्ष उमेदवार आणि दुसरी पसंती

(तिसगाव, ता. पाथर्डी येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



२००९ साली लोकसभेच्या अहमदनगर मतदारसंघात, म्हणजे आजच्या अहिल्यानगरात, जो निकाल लागला त्याचा हिशेब या भागातल्या प्रत्येक पारावर एकदा तरी मांडला गेला असेल. भारतीय जनता पक्षाचे दिलीप गांधी सुमारे ३ लाख १२ हजार मते मिळवून विजयी झाले. राष्ट्रवादी काँग्रेसचे शिवाजी कर्डिले यांना सुमारे २ लाख ६५ हजार मते पडली. आणि आघाडीच्या अधिकृत उमेदवाराला बाजूला सारून अपक्ष म्हणून उभे राहिलेले पाथर्डी तालुक्याचे राजीव राजळे यांनी दीड लाखाच्या वर मते घेतली. विजयी आणि पराभूत यांच्यातील अंतर सत्तेचाळीस हजारांच्या आसपास आणि अपक्षाची मते त्याच्या तिप्पट. निकालानंतर एक वाक्य सर्वतोमुखी झाले : राजळ्यांनी मते खाल्ली.

हे वाक्य थोडे थांबून तपासण्यासारखे आहे. ‘मते खाणे’ या शब्दप्रयोगात एक गृहीतक दडलेले आहे. मते जणू कुणाच्या तरी कोठारात आधीच साठवलेली होती आणि तिसऱ्याने येऊन ती फस्त केली, असा त्याचा अर्थ होतो. वस्तुतः मत हे मतदाराचे असते; ते पक्षाच्या मालकीचे नसते. राजळे उभे राहिले नसते तर ती दीड लाख माणसे कुठे गेली असती? काही कर्डिल्यांकडे गेली असती, काही गांधींकडे, काही घरीच बसली असती. नेमके किती कुठे, हे कुणीही सांगू शकत नाही. कारण मतदाराला तो प्रश्न विचारलाच गेला नाही. मतदानयंत्रावर एक बटण दाबले की त्याचे म्हणणे संपते. ‘माझा पहिला माणूस हा, तो येत नसेल तर निदान हा यावा’ एवढे साधे वाक्य उच्चारण्याची सोय आपल्या लोकसभेच्या आणि विधानसभेच्या निवडणुकीत नाही. निवडून आलेल्या उमेदवाराला निम्म्याहून अधिक मतदारांनी मत दिलेले नव्हते, ही गोष्ट मात्र आकडेच सांगतात.

अपक्षांचा प्रश्न हा असा मतमोजणीच्या पद्धतीशी बांधलेला आहे. तो केवळ बंडखोरांच्या नीतिमत्तेचा प्रश्न मानला, तर चर्चा शिव्याशापांच्या पलीकडे जात नाही.

या संदर्भात अमेरिकेचे उदाहरण अनेकदा दिले जाते. तेथे राष्ट्राध्यक्षपदासाठी कुणीही उभा राहू शकतो, इतकेच काय, मतपत्रिकेवर नाव नसलेल्या माणसाचे नाव मतदार स्वतःच्या हाताने लिहून त्याला मत देऊ शकतो, असे कौतुकाने सांगितले जाते. हे खरे आहे, पण अर्धेच. अमेरिकेतील राष्ट्राध्यक्षाची निवडणूक ही एक निवडणूक नसून पन्नास राज्यांच्या आणि राजधानीच्या मिळून एक्कावन्न निवडणुकांची मोळी आहे. मतपत्रिकेवर नाव येण्यासाठी किती सह्या लागतात, त्या कधीपर्यंत द्यायच्या, याचे नियम प्रत्येक राज्याचे वेगळे. दोन मोठ्या पक्षांची नावे आपोआप येतात. तिसऱ्याला मात्र राज्याराज्यांत सह्या गोळा करीत फिरावे लागते. १९८० साली अपक्ष उभे राहिलेल्या जॉन अँडरसन यांना ओहायो राज्याने मार्च महिन्याची मुदत दाखवून अडवले. ती मुदत घटनाबाह्य असल्याचा सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय आला १९८३ साली, निवडणूक होऊन सुमारे अडीच वर्षे उलटल्यावर.

हाताने नाव लिहिण्याच्या सोयीचेही तसेच. बहुतेक राज्यांत अशा उमेदवाराला आपली आणि आपल्या निर्वाचकांची नोंदणी आधी करावी लागते. नोंदणी नसेल तर लिहिलेले नाव मोजलेही जात नाही. काही राज्यांत ही सोयच नाही. हवाई राज्याने ती नाकारली तेव्हा १९९२ साली सर्वोच्च न्यायालयाने त्या राज्याचीच बाजू घेतली. पक्षांतर्गत प्राथमिक फेऱ्यांत मात्र या पद्धतीने चमत्कार झालेले आहेत. १९६४ साली हेन्री कॅबट लॉज हे सायगावमध्ये राजदूत होते. न्यू हॅम्पशायरच्या मतपत्रिकेवर त्यांचे नाव नव्हते, तरीही तेथील रिपब्लिकन मतदारांनी त्यांचे नाव लिहून गोल्डवॉटर आणि रॉकफेलर या दोघा मातब्बरांना मागे टाकले. त्याच राज्यात २०२४ साली जो बायडेन यांचेही नाव मतपत्रिकेवर नसताना ते लिखित मतांवर पहिले आले. सिनेटच्या निवडणुकीत १९५४ साली स्ट्रॉम थर्मंड आणि २०१० साली अलास्कातून लिसा मुर्कोव्स्की हे असेच निवडून आले. मुर्कोव्स्की यांचे आडनाव इतके अवघड, की मतदाराने एखादे अक्षर चुकवले तर मत धरायचे की नाही यावर न्यायालयात वाद झाला. पण राष्ट्राध्यक्षपदाच्या अंतिम निवडणुकीत लिखित मतांवर आजवर कुणीही निवडून आलेले नाही.

तिसऱ्या उमेदवाराला तेथे खरी भिंत लागते ती निर्वाचकगणाची. एकूण ५३८ निर्वाचक. जिंकण्यासाठी २७० हवेत. आणि मेन व नेब्रास्का ही दोन राज्ये सोडली तर ज्या राज्यात ज्याला एक मत जास्त, त्या राज्याचे सगळे निर्वाचक त्याचे. १९९२ साली रॉस पेरो हे कोट्यधीश उद्योगपती अपक्ष उभे राहिले. स्वतःच्या पैशाने दूरचित्रवाणीवरील अर्ध्या-अर्ध्या तासाचे कार्यक्रम विकत घेऊन त्यांनी देशाला अर्थशास्त्र शिकवले. त्यांना जवळजवळ १९ टक्के मते पडली, म्हणजे दर पाच मतदारांत जवळपास एक. निर्वाचक किती मिळाले? शून्य. याउलट १९६८ साली वंशविद्वेषाच्या बळावर उभे राहिलेले जॉर्ज वॉलेस यांना साडेतेरा टक्केच मते पडली, पण ती दक्षिणेत एकवटलेली असल्यामुळे त्यांच्या पदरात ४६ निर्वाचक पडले. सर्वत्र पसरलेला विचार तेथे हरतो आणि एका टापूत साचलेला द्वेष जिंकतो, असा या यंत्राचा गुण आहे. मग २००० साली राल्फ नेडर यांनी फ्लोरिडात ९७,४८८ मते घेतली, बुश यांनी ते राज्य आणि त्यासोबत राष्ट्राध्यक्षपद ५३७ मतांनी जिंकले, आणि अमेरिकेतही तेच वाक्य ऐकू आले, जे पाथर्डीत २००९ साली ऐकू आले.

समाजवादी कार्यकर्त्याला या इतिहासातले एक पान विशेष जवळचे वाटावे. युजीन डेब्ज यांना पहिल्या महायुद्धाविरुद्ध भाषण केल्याबद्दल दहा वर्षांची शिक्षा झाली होती. १९२० साली समाजवादी पक्षाने त्यांना अटलांटाच्या तुरुंगात असतानाच उमेदवारी दिली आणि नऊ लाखांहून अधिक अमेरिकनांनी त्या कैद्याला मत दिले. निर्वाचक अर्थातच एकही नाही. १९७७ साली जॉर्ज फर्नांडिस हेही तुरुंगातूनच मुजफ्फरपूरला उभे राहिले आणि तीन लाखांहून अधिक मताधिक्याने निवडून आले. दोघेही कैदेत, दोघेही समाजवादी. परंतु एकाच्या मागे देशभर विखुरलेली मते होती आणि दुसऱ्याच्या मागे एका मतदारसंघात एकवटलेली जनता पक्षाची लाट होती.

आता आपल्याच देशाच्या राष्ट्रपतींच्या निवडणुकीकडे वळावे. संविधानाच्या ५५व्या अनुच्छेदाने ही निवडणूक एकल संक्रमणीय मतपद्धतीने ठेवली आहे. आमदार-खासदार मतपत्रिकेवर नावांपुढे १, २, ३ असे पसंतीचे आकडे लिहितात. पक्षाचे चिन्ह तेथे नसते आणि पक्षादेशही कायद्याने बंधनकारक नसतो. या पद्धतीची खरी परीक्षा आजवर एकदाच झाली, ती १९६९ साली. आणि त्या परीक्षेच्या केंद्रस्थानी एक अपक्ष उमेदवार आणि एक मराठी माणूस होता.

३ मे १९६९ रोजी डॉ. झाकीर हुसेन यांचे निधन झाले. बंगळूरला काँग्रेसच्या संसदीय मंडळाने नीलम संजीव रेड्डी यांचे नाव ठरवले. पंतप्रधान इंदिरा गांधी यांना ते नको होते; परंतु बहुमत विरोधात गेले, आणि त्या बहुमतात यशवंतराव चव्हाणही होते. इंदिरा गांधींनी रेड्डी यांच्या उमेदवारीअर्जावर स्वतः सूचक म्हणून सही केली. त्याच काळात चक्रे फिरली. मोरारजींकडून अर्थखाते काढून घेण्यात आले, १९ जुलैला चौदा बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले, आणि कार्यवाहक राष्ट्रपती व्ही. व्ही. गिरी पदाचा राजीनामा देऊन अपक्ष म्हणून उभे राहिले. गिरी हे जुने कामगार पुढारी. रेल्वे कामगारांच्या चळवळीतून आलेले. डावे पक्ष आणि द्रमुक त्यांच्या मागे उभे राहिले. मतदानाच्या तोंडावर पंतप्रधानांनी सदसद्विवेकबुद्धीला स्मरून मत देण्याचे आवाहन केले. ज्या अर्जावर आपली सही, त्याच अर्जाविरुद्ध आपलाच विवेक, असा हा प्रकार होता. गिरींच्या विजयाचा आनंद मानणाऱ्या डाव्यांनीही हा विरोधाभास त्या वेळी नजरेआड केला, हे नमूद करायला हवे.

तिसरे उमेदवार होते चिंतामणराव देशमुख. महाडजवळच्या नाते गावी जन्मलेले, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, नेहरूंच्या मंत्रिमंडळातील अर्थमंत्री. आणि महाराष्ट्राच्या दृष्टीने या सर्वांहून मोठी ओळख म्हणजे मुंबई केंद्रशासित करण्याच्या निर्णयाच्या निषेधार्थ १९५६ साली त्यांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला होता. १९६९ साली त्यांच्यामागे स्वतंत्र पक्ष आणि जनसंघ उभे होते. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात ज्याच्या राजीनाम्याने मराठी माणसाची मान उंच झाली, त्या चिंतामणरावांच्या पाठीशी राष्ट्रीयीकरणाचे कट्टर विरोधक, आणि म्हणून मराठी समाजवाद्यांनी त्यांच्यापासून अंतर ठेवलेले, असा तो पेच होता.

एकूण पंधरा उमेदवार होते. त्यांतल्या काहींना एकही मत पडले नाही. २० ऑगस्टला मोजणी झाली. पहिल्या पसंतीत गिरी यांना ४,०१,५१५, रेड्डी यांना ३,१३,५४८ आणि देशमुख यांना १,१२,७६९ इतक्या मूल्याची मते मिळाली. वैध मतांचे एकूण मूल्य ८,३६,३३७. विजयासाठी आवश्यक कोटा ४,१८,१६९. गिरी पहिले होते, पण कोट्याला सोळा हजारांहून अधिक मते कमी होती. लोकसभेच्या पद्धतीने मोजणी असती तर निकाल तेथेच संपला असता. येथे मात्र तळाच्या उमेदवारांच्या मतपत्रिका उघडून त्यांवरील दुसरी पसंती पाहण्यात आली. शेवटी गिरी ४,२०,०७७ आणि रेड्डी ४,०५,४२७.

हे आकडे नीट वाचले तर बरेच काही सांगतात. बाद झालेल्या उमेदवारांकडून गिरींना साडेअठरा हजारांची भर मिळाली, रेड्डींना जवळजवळ ब्याण्णव हजारांची. म्हणजे देशमुखांच्या बहुसंख्य मतदारांची दुसरी पसंती रेड्डी होती. पहिल्या फेरीतील जवळपास अठ्ठ्याऐंशी हजारांचे अंतर घटून १४,६५० वर आले. एका खासदाराच्या मताचे मूल्य तेव्हा ५७६ होते. तेराच खासदारांनी बाजू बदलली असती तर निकाल उलटला असता. देशमुखांच्या मतदारांचे मत वाया गेले असे कुणालाही म्हणता येणार नाही. त्यांचा पहिला माणूस हरला, दुसराही हरला, पण त्यांचे म्हणणे शेवटच्या फेरीपर्यंत मोजले गेले. ‘देशमुखांनी रेड्डींची मते खाल्ली’ असे वाक्य त्या निवडणुकीनंतर उच्चारताच आले नाही.

परंतु या पद्धतीने राजकारण शुद्ध झाले असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. दुसऱ्या पसंतीवरूनच वादळ उठले. काँग्रेसचे अध्यक्ष निजलिंगप्पा यांनी जनसंघ आणि स्वतंत्र पक्षाच्या नेत्यांची भेट घेऊन त्यांच्या मतदारांची दुसरी पसंती रेड्डींसाठी मागितली. विवेकाच्या मताची हाक देणाऱ्यांना याच भेटीने निमित्त पुरवले. निवडणुकीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले गेले, राष्ट्रपती स्वतः साक्षीसाठी न्यायालयात आले; १९७० साली अर्ज फेटाळला गेला. नोव्हेंबर १९६९ मध्ये काँग्रेस फुटली होतीच. सौदे तेव्हाही झाले. फरक इतकाच, की दुसऱ्या पसंतीचा सौदा उघड्यावर करावा लागतो, कारण तो मतपत्रिकेवर लिहावा लागतो.

त्यानंतर राष्ट्रपतिपदासाठी अपक्षांचा रस्ता कायद्याने अरुंद केला गेला. १९७४ साली दहा सूचक, दहा अनुमोदक आणि अडीच हजार रुपये अनामत आली. १९९७ साली पन्नास सूचक, पन्नास अनुमोदक आणि पंधरा हजार रुपये. आज ‘अपक्ष’ म्हणून उभे राहायचे तर मागे पक्षांची फौज लागते. २००७ साली प्रतिभाताई पाटील यांच्याविरुद्ध भैरोसिंह शेखावत अपक्ष होते, पण त्यांच्यामागे राष्ट्रीय लोकशाही आघाडी होती. त्याच आघाडीतील शिवसेनेने मराठी उमेदवार म्हणून प्रतिभाताईंना मते दिली. अपक्ष हा शब्द तेथे शोभेपुरताच उरला होता.

महाराष्ट्राच्या विधानसभेत तरी तो शब्द खरा आहे का? नगर जिल्ह्याचाच इतिहास पाहावा. बाळासाहेब थोरात १९८५ साली संगमनेरमधून काँग्रेसच्या अधिकृत उमेदवाराविरुद्ध अपक्ष निवडून आले आणि पुढे काँग्रेसचेच ज्येष्ठ नेते झाले. १९९५ साली विधानसभेत ४५ अपक्ष निवडून आले; त्यांत काँग्रेसचे बंडखोर मोठ्या संख्येने होते. शिवसेना-भाजपचे १३८ आमदार बहुमताला कमी पडत होते; सरकार बनले ते अपक्षांच्या आधारावर. काँग्रेसच्या घरातून रुसून निघालेले लोक युतीच्या ओसरीवर बसले आणि त्यांतील काही मंत्रीही झाले. २०२४ साली सांगलीतून विशाल पाटील अपक्ष म्हणून, ‘लिफाफा’ या चिन्हावर, एक लाखाहून अधिक मताधिक्याने लोकसभेवर गेले आणि लगोलग काँग्रेसला पाठिंबा देऊन मोकळे झाले. ते वसंतदादांचे नातू. या सर्वांत व्यक्तिशः दोष शोधण्याचे कारण नाही. मुद्दा एवढाच, की आपल्याकडचा यशस्वी अपक्ष हा एकटा माणूस क्वचितच असतो. त्याच्यामागे कारखाना असतो, दूधसंघ असतो, बँक असते, शिक्षणसंस्था असते. नसतो तो केवळ पक्षाचा ‘एबी’ फॉर्म. अमेरिकेत पेरो यांच्यामागे त्यांची स्वतःची तिजोरी होती, येथे सहकाराचे जाळे आहे. सह्या गोळा करून उभा राहणारा रिकाम्या हाताचा कार्यकर्ता दोन्हीकडे अनामत गमावतो.

पक्षांतरबंदीच्या दहाव्या अनुसूचीने अपक्षावर एक बंधन घातले आहे : निवडून आल्यावर तो कोणत्याही पक्षात गेला तर त्याचे सदस्यत्व जाते. म्हणून तो पक्षात जात नाही. बाहेरून पाठिंबा देतो आणि दर पेचप्रसंगात त्याचे मोल नव्याने ठरते. पक्षाच्या आमदाराला फुटायचे तर घोळका लागतो. अपक्षाला तसे कुणी लागत नाही.

खऱ्याखुऱ्या एकट्या अपक्षाचा उपयोग मात्र दोन टोकांना झालेला दिसतो. एक टोक निषेधाचे. १९९६ साली बेळगाव लोकसभा मतदारसंघात महाराष्ट्र एकीकरण समितीच्या पुढाकाराने सीमाभागातील मराठी भाषकांनी शेकड्यांनी अर्ज भरले आणि उमेदवारांची संख्या ४५६ झाली. त्याच वर्षी आंध्रातील नलगोंड्यात फ्लोराईडयुक्त पाण्याच्या प्रश्नावर ४८० उमेदवार उभे राहिले आणि तमिळनाडूत मोडकुरिची विधानसभा मतदारसंघात १,०३३. मतपत्रिकेची वही झाली. निवडून येणे हा हेतूच नव्हता. ऐकून न घेणाऱ्या दिल्लीच्या टेबलावर कागदांचा ढीग टाकणे हा होता. त्या लोकसभा निवडणुकीत देशभरात दहा हजारांहून अधिक अपक्ष उभे होते आणि निवडून आले नऊ. सरकारने उत्तर दिले ते अनामत वाढवून. लोकसभेची ५०० रुपयांची अनामत एकदम १०,००० झाली आणि पुढे २५,०००. पक्षाच्या उमेदवाराला एक सूचक पुरतो, अपक्षाला दहा लागू लागले. १९९८ साली अपक्षांची संख्या दोन हजारांच्याही खाली आली. फ्लोराईडचे पाणी पिणारा शेतकरी या कुंपणाने बाहेर राहिला. कारखान्याच्या अध्यक्षाला पंचवीस हजारांची ती काय मातब्बरी!

दुसरे टोक फसवणुकीचे, निदान गोंधळाचे. २०१४ साली रायगडमध्ये सुनील तटकरे २,११० मतांनी हरले. त्यांच्याच नावाच्या एका अपक्षाला साडेनऊ हजारांवर मते पडली होती. २०२४ साली ‘तुतारी वाजवणारा माणूस’ हे शरद पवारांच्या पक्षाचे चिन्ह आणि लोक जिला पिपाणी म्हणतात ती नुसती ‘तुतारी’ हे मोकळे चिन्ह, असा घोळ झाला. साताऱ्यात पिपाणीवाल्या अपक्षाला सदतीस हजार मते पडली आणि निकाल बत्तीस हजारांच्या फरकाने लागला. दिंडोरीत पिपाणीला लाखाहून अधिक मते गेली, तरी निकाल बदलला नाही. मते खाणे हा शब्दप्रयोग कुठे लागू पडत असेल तर तो येथे, कारण या मतदारांपैकी अनेकांना त्या उमेदवाराला मत द्यायचेच नव्हते.

(वाया जाणाऱ्या मतांची गोष्ट निघालीच आहे तर या तालुक्यापुरते एक सांगणे भाग आहे. २०२४ ची विधानसभा निवडणूक २० नोव्हेंबरला, गळीत हंगामाच्या तोंडावर झाली. कोयते घेऊन बाहेर पडलेल्या ऊसतोड कुटुंबाचे मत कोणत्याच पसंतीत मोजले जात नाही. त्याचा विचार स्वतंत्रपणे झाला पाहिजे.)

पसंतीची पद्धत केवळ आमदार-खासदारांनाच झेपते, असा आक्षेप नेहमी येतो. तो खरा नाही. विधान परिषदेच्या पदवीधर आणि शिक्षक मतदारसंघांत हीच पद्धत वर्षानुवर्षे चालू आहे आणि तिसगावातल्या पदवीधरांनीही ती वापरलेली आहे. २०२३ साली नाशिक पदवीधर मतदारसंघात काँग्रेसने डॉ. सुधीर तांबे यांना उमेदवारी दिली. त्यांनी अर्जच भरला नाही आणि त्यांचे चिरंजीव सत्यजित तांबे अपक्ष उभे राहिले. १९८५ च्या अपक्षाचा हा भाचा. त्यांना सुमारे ६९ हजार मते पडली, शुभांगी पाटील यांना सुमारे साडेएकोणचाळीस हजार. पहिल्याच पसंतीत कोटा पूर्ण झाल्यामुळे दुसऱ्या पसंतीची वेळ आली नाही. परंतु या निकालातील अधिक बोलका आकडा बाद मतांचा आहे. बारा हजारांहून अधिक पदवीधरांची मते बाद झाली. आयोगाने दिलेल्या जांभळ्या पेनाने चौकोनात आकडा लिहायचा, एवढेच काम. अक्षर लिहायचे नाही, टिकमार्क करायचा नाही, सही तर मुळीच करायची नाही. ओळख पटेल असे काही लिहिले की मत बाद. अमेरिकन मतदाराने उमेदवाराचे नाव लिहिले तर ते त्याचे मत ठरू शकते. येथे मतदाराने एक जादा अक्षर लिहिले तर असलेले मतही जाते. पदव्या घेतलेल्यांची ही स्थिती असेल तर अल्पशिक्षितांचे काय, असे विचारले जाईल. त्याचे उत्तर, ज्यांना पदवीच्या अभिमानाने सूचना वाचाव्याशा वाटत नाहीत त्यांच्यापेक्षा विचारून घेणारा मतदार कमी चुकेल, असे द्यावेसे वाटते. पण ते उत्तर प्रयोगानेच सिद्ध व्हायला हवे.

तो प्रयोग कुठे करावा? लोकसभेसाठी पद्धत बदलायची तर संसदेत कायदा बदलावा लागेल, आणि ज्यांना तीस-चाळीस टक्क्यांवर जागा मिळतात ते पक्ष तो बदलतील अशी आशा नाही. ग्रामपंचायतीचे तसे नाही. संविधानाच्या २४३-के या अनुच्छेदाने पंचायतींच्या निवडणुकीविषयी तरतूद करण्याचा अधिकार राज्य विधिमंडळाला दिला आहे. शिवाय ग्रामपंचायतीची निवडणूक पक्षचिन्हावर होत नाही. कायद्याच्या भाषेत तेथे प्रत्येक उमेदवार अपक्षच असतो. सरपंचाची थेट निवड महाराष्ट्रात २०१७ साली आली, २०२० साली गेली आणि २०२२ साली परत आली. पाच वर्षांत तीन वेळा कायदा फिरवताना कोणत्याही सरकारला, थेट निवडून येणाऱ्या सरपंचाला निम्म्या गावाचा तरी पाठिंबा असावा, असे सुचले नाही. चार पॅनेलच्या चार उमेदवारांत एक तृतीयांश मतांवर सरपंच होतो आणि उरलेले दोन तृतीयांश गाव पाच वर्षे त्याच्या पायात पाय घालते.

समजा, एका गावात सरपंचपदाला हजार मते पडली : एकाला ३८०, दुसऱ्याला ३४०, तिसऱ्याला २८०. आजच्या पद्धतीत पहिला निवडून येतो. पसंतीच्या पद्धतीत तिसऱ्याचा गठ्ठा उघडला जाईल आणि त्यातल्या प्रत्येक पत्रिकेवरचा दुसरा आकडा पाहून ती पहिल्या दोघांत वाटली जाईल. पाचशे एकचा आकडा जो गाठेल तो सरपंच. मग बहुसंख्यांना नको असलेला माणूस मतविभागणीच्या जोरावर येणार नाही, आणि तिसऱ्या उमेदवाराला ‘तू बस, नाहीतर तो येईल’ असा दम देण्याचे कारणही उरणार नाही. वस्तीवरच्या, अल्पसंख्य जातीच्या वा महिलेच्या उमेदवारीवर आज सर्वांत आधी पडणारा दबाव तो हाच. तिच्या मतदारांची दुसरी पसंती मागायला मोठ्या पॅनेलवाल्यांना त्या वस्तीवर जावे लागेल.

अडचणी आहेत. आजच्या मतदानयंत्रावर पसंतीचे आकडे नोंदवता येत नाहीत, तेव्हा सरपंचपदापुरती तरी कागदी मतपत्रिका आणावी लागेल. तहसील कचेरीतील मोजणी लांबेल. भाऊबंदकीच्या गावात दुसऱ्या पसंतीचेही पैसे वाटले जातील, हेही गृहीत धरावे. पण त्यासाठी लागणारी दुरुस्ती १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमातील आहे आणि ती करण्याचे सभागृह मुंबईत आहे. ग्रामसभेत ठराव करून तो तालुक्याच्या आमदाराकडे आणि राज्य निवडणूक आयोगाकडे पाठवणे हे काम कोणत्याही शाखेला आजही करता येते. २०१८ साली याच राज्य निवडणूक आयोगाने स्थानिक संस्थांत ‘नोटा’ला सर्वाधिक मते पडल्यास फेरनिवडणूक घेण्याचा आदेश काढला होता, हे त्या ठरावात आवर्जून लिहावे, आणि पदवीधर मतदारसंघातील बाद मतांचा तपशील सोबत जोडावा, म्हणजे पहिला आक्षेप येण्याआधीच त्यावर बोलता येईल.